पंचाहत्तर सेंटचा हिशेब

चि. मुक्ता हिस,


सीडॅकच्या डिटिस ह्या माहिती-सुरक्षेच्या कोर्ससाठी सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा देणार आहेस आणि पहाटे उठून अभ्यासाला बसतेस, हे तुझ्या आईकडून कळलं, फार बरं वाटलं (रिकाम्या पोटी चहा मात्र ढोसू नकोस हो). पण ‘पंधरा दिवसांत एथिकल हॅकर’ अशा कुठल्याशा क्लासची फीही भरायला निघाली आहेस म्हणे. मागशील तर देईनच गं, पण जरा थांब, आधी एक गोष्ट ऐक.

क्लिफ स्टोल म्हणून एक गृहस्थ, मूळचे खगोलशास्त्रज्ञ, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संगणक सांभाळायला होते. १९८६ च्या ऑगस्टमध्ये संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत निघाली. दुसरा कुणी खिशातून भरून मोकळा झाला असता; आमच्या बँकेत कॅश जुळेना की असं करणारे होतेच! स्टोल चिकटून राहिले, आणि कुणीतरी चोरून संगणकात शिरतंय हे त्यांच्या ध्यानात आलं. टर्मिनलं आणि प्रिंटर मागूनसवरून आणून फोनच्या लायनींना जोडले, आत शिरणारा जे जे टाइप करील ते कागदावर उतरू दिलं, तारीख-वेळ घालून वहीत टिपत गेले, त्याला घाईनं हुसकलं नाही, आणि कित्येक महिन्यांनी धागा पोचला जर्मनीतल्या हानोव्हरला. तिथला एक पोरगा अमेरिकेच्या लष्करी संगणकांतली माहिती सोव्हिएत हेरखात्याला, केजीबीला, विकत होता.

तुझी पहिली नोकरीही बहुधा अशीच चिकाटीची, एसओसीत म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, पाळीपाळीची असेल. रात्रभर अलर्ट बघायचे, त्यातले बहुतेक फुसके, तरी प्रत्येक उघडून बघायचा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून २०१८ च्या ऑगस्टमध्ये सायबर हल्ल्यात ९४ कोटी गेले, त्यातली एटीएममधली लूट एका शनिवारी काही तासांत, २८ देशांतून झाली. चोर आपली सुट्टी बघूनच येतात, बाळ.

तेव्हा आधी नेटवर्किंग आणि लिनक्स पक्कं कर. माळ्यावरच्या जुन्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशिनं उभी कर आणि त्यांचं बोलणं वायरशार्क ह्या नेटवर्कवरची वाहतूक दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघ: टीसीपीच्या जोडणीत आधी सिन, मग सिन-ॲक, मग ॲक, तेव्हा कुठे ओळख होते. सगळं फुकट मिळतं, एक पैसा लागत नाही. दुसऱ्याच्या वेबसाइटला लेखी परवानगीवाचून, गंमत म्हणूनसुद्धा, हात लावायचा नाही. आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६ एकदा शांतपणे वाच.

रविवारी लॅपटॉप घेऊन ये, मला ते सिन-ॲक दाखव. फीचं तेव्हा बोलू. आजीनं थालीपीठाची भाजणी दळून ठेवली आहे.

तुझा,
आजोबा