एकट्याच्या खांद्यावर



जानेवारी १९९९, चेन्नई कसोटी. पाकिस्तानविरुद्ध आपल्याला २७१ धावा हव्या होत्या. पाठ दुखत असतानाही सचिनने १३६ काढल्या. तो बाद झाला तेव्हा फक्त १७ उरल्या होत्या. बाकीचे तिघे ४ धावांत परतले. आपण १२ धावांनी हरलो, आणि कित्येकांनी दोष सचिनलाच दिला!

अमालेकी लोकांशी लढाई चालू असता मोशेचे हात थकले. अहरोन व हूर यांनी ते सूर्यास्तापर्यंत सावरून धरले (निर्गम १७). मोशेलाही आधार लागला.

मुलचेऱ्यात आपण मात्र प्रार्थना, धर्मशिक्षण, आजाऱ्यांची भेट, सारे फादरांवर सोडतो. उद्या त्यांची बदली झाली तर जंगलापलीकडच्या टोल्यावरील आजाऱ्याकडे कोण जाईल? आज मिस्सानंतर आपल्यातले दोघे तरी त्यांच्यासोबत निघू या.