पाठीमागचा उजेड

दिव्याखाली अंधार असतो, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. दिव्याच्या अलीकडे उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडावरही अंधार असतो, हे मात्र पहाऱ्याच्या कॅमेऱ्याने आपल्याला नव्याने शिकविले. मोहोपाड्यासारख्या गावात आता दुकानोदुकानी गल्ल्यावर कॅमेरा असतो आणि त्याचे तोंड दाराकडे असते. बाहेर ऊन रणरणत असते. आत शिरणारे गिऱ्हाईक पडद्यावर दिसते ते नुसते काळे सोंग! कॅमेरा बिघडलेला नसतो. रस्त्यावरच्या उजेडाचा अदमास घेऊन त्याने आपला डोळा बारीक केलेला असतो. मग सावलीतल्या चेहऱ्याला त्याच्या वाट्याचा प्रकाश मिळत नाही.

यावर तंत्रज्ञांनी एक युक्ती काढली आहे. नवा कॅमेरा तेच दृश्य दोनदा टिपतो. एकदा निमिषमात्र, उजेडासाठी. पुन्हा थोडा अधिक वेळ, सावलीसाठी. दोहोंचे मिळून एक चित्र होते. रात्री तर तो डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडून पाहतो. तेव्हा रंग नाहीसे होतात. काळा सदरादेखील पांढुरका भासू शकतो. आपल्या खालापुरातल्या पावसात भिंगाजवळचा थेंब ठिणगीसारखा चमकतो. म्हणजे यंत्राची साक्षही तपासूनच घ्यावी लागते.

पण समजा, चित्र अगदी लख्ख उमटले. तेवढ्याने आपले पाहण्याचे कर्तव्य संपले काय?

२०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि सारा महाराष्ट्र हळहळला. २१ ऑगस्टला शासनाने शाळाशाळांतून कॅमेरे बसविण्याचा आदेश काढला. ते चित्रण आठवड्यातून किमान तीनदा तपासण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर टाकली. शिक्षक म्हणून मला हे योग्यच वाटते. आदेश काढणाऱ्यालाही ठाऊक होते, की भिंतीवरचा डोळा आपण होऊन कुणाला वाचवीत नाही. त्याने पाहिलेले पुन्हा माणसालाच पाहावे लागते.

आपल्या भाषेने हा भेद फार पूर्वीच केला आहे. चोरावर आपण नजर ठेवतो. पाळण्यातल्या बाळाकडे लक्ष ठेवतो. डोळे तेच, पण पहिल्यात संशय आहे, दुसऱ्यात जिव्हाळा आहे. कॅमेरा नजर देतो. लक्ष मात्र ज्याचे त्याला द्यावे लागते.

कातकरवाडीवरचे एखादे पोर दुकानात शिरले, की चार डोळे त्याच्यावर खिळतात. तेच पोर महिनाभर शाळेत दिसले नाही, तर किती जण विचारतात? दिवाळी सरली, की कर्जत-खालापुरातली कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला निघतात. आईबापांबरोबर पोरेही जातात. वर्गातला कॅमेरा ते रिकामे बाक उत्तम टिपतो. उजेडाची कसलीच अडचण नसते. अडचण आपल्या पाहण्याची असते.

त्या पोराच्या पाठीमागे आपल्या पूर्वग्रहांचा झगझगाट असतो आणि त्यात त्याचा चेहरा काळवंडतो. उलट एखाद्या प्रतिष्ठिताच्या पाठीमागे पैशाचा, पदाचा उजेड असतो. त्याचाही चेहरा आपल्याला दिसत नाही, परंतु तिथे आपण तो पाहायचा आग्रहच धरीत नाही. पहिल्याला न पाहता दोषी ठरवतो, दुसऱ्याला न पाहता निर्दोष. दोन्ही ठिकाणी अन्याय एकाच जातीचा.

तंत्रज्ञांची युक्ती म्हणूनच मला मोलाची वाटते. माणसालाही दोनदा पाहावे: एकदा त्याच्यामागचा उजेड वगळून, एकदा त्याच्या सावलीत थोडे थांबून. थांबण्याला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणतेही यंत्र आपल्याऐवजी देऊ शकत नाही.

सुटी संपून शाळा उघडेल, तेव्हा हजेरीत काही नावांपुढे उत्तर येणार नाही. ती नावे घेऊन भट्टीपर्यंत चालत जाणारा कुणीतरी हवा. शिक्षक असो, शेजारी असो, नाहीतर घरी फराळ करीत हा अंक वाचणारे तुम्ही असा.