अनुभवाची केटी

१९६८च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोच्या विज्ञान समितीने सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवर परिषद भरवली. विद्यापीठांतले प्राध्यापक, संगणक बनवणारे आणि ते वापरणारे, असे पन्नासएक लोक जमले. मोठे प्रोग्राम ठरल्या दिवशी पुरे होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो, चुका उरतात, ही सगळ्यांची तक्रार होती. शास्त्रशुद्ध पद्धत विद्यापीठात घडेल आणि उद्योग ती वापरेल, असा भरवसा त्या काळी बराच होता.

प्रत्यक्षात ओघ उलटाही वाहू लागला. आयबीएमची ओएस/३६० ही प्रणाली त्या वेळच्या सर्वांत अवघड कामांपैकी एक. मॅनी लेहमन आणि लास्लो बेलडी यांनी तिच्या एकामागून एक आलेल्या आवृत्त्यांचे आकडे मांडले. वापरात असलेले सॉफ्टवेअर सतत बदलावे लागते आणि मुद्दाम आवरले नाही तर ते अधिकाधिक गुंतत जाते, हे त्यातून पुढे आले. त्याच प्रणालीचे काम ज्यांनी चालवले त्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ लिहिले. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे लावली की उशीर वाढतो, हे त्यांनी स्वतः पाहिलेले होते. या दोन्ही गोष्टी मला शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. आकड्यांतून काय घडले ते कळते, ते तसे का घडले हे मात्र काम केलेला माणूसच सांगू शकतो. एकाचे दुसऱ्यावाचून भागत नाही.

१९७६मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात या विचाराला घर मिळाले. नासा, मेरीलँड विद्यापीठ आणि कंत्राटी कंपनी सीएससी यांनी मिळून प्रयोगशाळा काढली. कोणती चूक कुठे शिरली, ती काढायला किती वेळ गेला, याच्या नोंदी प्रोग्रामर भरून देत. मेरीलँड विद्यापीठातले व्हिक्टर बसिली आणि त्यांचे सहकारी त्यांवरून निष्कर्ष काढत आणि पुढच्या प्रकल्पाला देत. डिलिव्हरीच्या घाईत असलेल्या टीमकडून अनुभवाची जुळणी होणार नाही, त्यासाठी वेगळी माणसे हवीत, हे बसिलींचे म्हणणे मला आजही या विषयातले सर्वांत व्यवहारी वाटते.

आपल्याकडे टाटा कन्सल्टन्सीने १९८१मध्ये पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था उभी केली, फकीरचंद कोहलींच्या पुढाकाराने. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीनेच संशोधकांना जागा द्यावी, ही त्या काळात मोठी दूरदृष्टी होती. २००९मध्ये भारतीय सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग परिषदही पुण्यात भरली. तरी आपल्या इंजिनिअरांच्या कामाचा मोठा भाग उद्योग आणि संशोधन यांच्या या देवाणघेवाणीबाहेरच राहिला. परदेशी बँकांचे आणि विमा कंपन्यांचे जुने कोबोल प्रोग्राम सांभाळणे, रात्रीचा सपोर्ट, मायग्रेशन. करारानुसार हे सगळे क्लायंटचे, म्हणून संशोधकांच्या नजरेआड. मग संशोधक ओपन सोर्सकडे वळले, तिथे प्रत्येक बदल उघड दिसतो. बदलामागचे कारण मात्र तिथेही अनेकदा लिहिलेले नसते, आणि बँकेचा कोड तिथे नसतोच.

ही न लिहिलेली विद्या वसईजवळच्या नायगावात राहते. पूर्वेला जुचंद्रच्या वाटेवर आणि मिठागरांच्या आसपास उभ्या राहिलेल्या इमारतींतून सीप्झ, गोरेगाव, पवईकडे रोज जाणाऱ्यांत सॉफ्टवेअरवाले कितीतरी. त्यांच्यातल्या कुणी पेपर टाकला की नोटीस पिरियडमध्ये केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, होते. सिस्टीम कशी चालते ते सांगितले जाते. ती कुठे कोसळता कोसळता वाचली आणि ती विचित्र दिसणारी ओळ का काढायची नाही, हे बहुधा राहून जाते. बिघाडानंतर आरसीए, म्हणजे मूळ कारणाचा अहवाल, लिहिला जातो, ‘मानवी चूक’ या दोन शब्दांवर थांबतो आणि क्लायंटच्या फोल्डरमध्ये पडून राहतो. माझ्या मते आपले सर्वांत मोठे नुकसान इथे होते.

याहून वेगळे वागता येते. ३१ जानेवारी २०१७ला कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपचे एकामागून एक मार्ग निकामी निघाले. कंपनीने दुरुस्तीच्या चालू नोंदी सर्वांना खुल्या केल्या, काम थेट प्रक्षेपित केले आणि नंतर सविस्तर अहवाल दिला. त्यात माणसाला दोषी धरले नाही, बॅकअप खरोखर चालतात का हे कुणी तपासत नव्हते, हे लिहिले.

क्लायंटचे नाव, आकडे आणि कोड काढून टाकला तरी अशा हकिकतीतला शिकण्याजोगा भाग उरतो. कंपन्यांनी तेवढी मुभा करारातच मागून घ्यावी. वसईच्या विद्यावर्धिनी अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी शेवटच्या वर्षाच्या मुलांनी प्रकल्प म्हणून एखादे नवे ॲप करण्याऐवजी अशा दहा हकिकती जमवून त्यांतला धागा शोधला, तर मी तो प्रकल्प जास्त मोलाचा मानेन. संशोधकांवरही एक देणे आहे. मुलाखत देणारा इंजिनिअर पुढे तो शोधनिबंध पाहतही नाही. त्याला दोन पानांत, त्याच्या भाषेत, पुढच्या रिलीजच्या आत कळायला हवे की त्याच्या सांगण्यातून काय निघाले आणि त्याने उद्या कोणती तपासणी आधी लावावी.