आगमनकाळ आणि डोंगरावरचा रविवार

रविवार हा जोतिबाचा वार. वाडी रत्नागिरीच्या डोंगराकडे सकाळपासून गाड्या चढतात आणि दुपारी गुलालाने माखलेली माणसे घेऊन उतरतात. त्याच पन्हाळा तालुक्यात कोडोली आहे. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे हे जुने ठाणे, चर्च आणि दवाखान्यामुळे पंचक्रोशीला माहीत असलेले. डोंगराच्या आसपासच्या ख्रिस्ती घरांतली माणसे रविवारी बायबल घेऊन उपासनेला निघतात, तेव्हा शेजारची मंडळी नारळ-खोबरे घेऊन देवाला निघालेली असते. नोव्हेंबर सरत आला की या घरांतून काही शंका हमखास निघतात. त्यांतल्या काहींचे हे समाधान.

शंका : जानेवारी आहे, पाडवाही आहे. मग मंडळीचे वर्ष नोव्हेंबरातच कसे संपते?

आपल्याकडे वर्षारंभ एकच कधी होता? वहीखाते बलिप्रतिपदेला उघडते, पंचांग गुढीपाडव्याला, सरकारी हिशेब १ एप्रिलला. उपासनेचे वर्ष संत आंद्रियाच्या सणाला, म्हणजे ३० नोव्हेंबरला, सर्वांत जवळ असलेल्या रविवारी सुरू होते. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कुठेही येतो. म्हणून नाताळापूर्वीच्या आगमनकाळाचे रविवार नेहमी चार असले, तरी दिवस कधी २२ भरतात, कधी २८.

त्याच्या आदल्या रविवारी जुने वर्ष संपते. तो ख्रिस्तराजाचा सण. पोप अकरावे पायस यांनी तो १९२५ मध्ये सुरू केला. पहिले महायुद्ध संपून फार वर्षे झाली नव्हती आणि इटलीत मुसोलिनीची सत्ता घट्ट होत होती. माणसाची अखेरची निष्ठा कोणाशी, हा प्रश्न त्या वेळी पुस्तकी नव्हता. आरंभी हा सण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. १९६९ च्या सुधारणेत तो वर्षाच्या अखेरीला आला, आणि ही जागा त्याला शोभते. वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असते. मत्तयाच्या वर्षी या दिवशी पंचविसावा अध्याय वाचतात. त्यात राजा न्यायाला बसतो आणि भुकेल्याला जेवू घातलेस का, परक्याला घरात घेतलेस का, एवढेच विचारतो. पुढच्याच रविवारी नवे वर्ष जागे राहण्याच्या आज्ञेने उघडते. आधी हिशेब, मग जागरण. आगमनकाळ समजून घ्यायचा तर हा क्रम सोडून चालणार नाही.

शंका : आमच्या आजीच्या काळी चर्चमध्ये आगमनाच्या मेणबत्त्या नव्हत्या. हे कॅथोलिकांचे आपल्यात आले का?

आजीची आठवण खरी असू शकते, आणि तिला कारणही आहे. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले.  इथल्या मिशनच्या प्रेसबिटेरियन परंपरेचा मूळ आराखडा वेस्टमिन्स्टरच्या १६४५ च्या उपासना-निर्देशिकेचा. शास्त्रात आज्ञा आहे ती फक्त प्रभूच्या दिवसाची, बाकीचे सणवार पाळू नयेत, असे तिचे म्हणणे. ती माणसे रुक्ष होती म्हणून नव्हे, तर बावन्नही रविवार तितकेच पवित्र मानत होती म्हणून. या भूमिकेचा आदरच करावा.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियनांनीच १९०६ च्या आपल्या उपासनाग्रंथात वर्षातल्या सणांच्या प्रार्थना घेतल्या. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. कोल्हापूरचा धर्मप्रांत त्याचाच. स्थापनेचा तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता.

मेणबत्त्यांचे चक्र तर प्रॉटेस्टंट घरातलेच! हॅम्बर्गमध्ये योहान विखेर्न हे धर्मशास्त्रज्ञ गरीब मुलांचा आश्रम चालवत. नाताळ कधी, असे मुले रोज विचारत. १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या चाकावर रोजच्यासाठी लहान लाल आणि रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. मुलांना दिवस मोजता यावेत, एवढाच हेतू. त्यामुळे चक्र लावले नाही तर पाप नाही आणि लावले तर बाटणे नाही.

शंका : शेजारीण डोंगरावरून आली की अंगारा आणि खोबऱ्याचा प्रसाद आणते. मार्गशीर्षाचे गुरुवार बहुतेक याच सुमारास येतात, तेव्हा हळदीकुंकवालाही बोलावते. आगमनकाळात मन शुद्ध ठेवायचे, मग काय करावे?

ही शंका सर्वांत नाजूक, आणि करिंथच्या मंडळीइतकी जुनी. पौलाने पहिल्या पत्रात तिच्यासाठी आठवा आणि दहावा असे दोन अध्याय दिले आहेत. त्याचे म्हणणे दुपदरी आहे. मूर्तीला सत्ता नाही, म्हणून अन्नात दोष नाही. मात्र हे नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितले आणि खाण्याने एखाद्याचा विवेक दुखावत असेल, तर खाऊ नये. पूजेत भागीदार होणे तर तो स्पष्ट मना करतो.

यावरून काही ख्रिस्ती घरांत प्रसाद घेत नाहीत, काही घरांत शेजाऱ्याचा मान म्हणून हातात घेतात. दोघांनी एकमेकांना तोलू नये. या स्तंभाचे मत असे : अंगारा लावणे आणि पूजेला बसणे ही श्रद्धेची कृती आहे, तिला नम्रपणे नाही म्हणावे. पण नाही म्हणण्याची रीत असते. “ताई, आम्ही हे घेत नाही, पण बसा, चहा घेऊन जा,” हे दारात उभे राहून, हसून सांगता येते. घेऊन मागच्या दाराने टाकून देणे मात्र सर्वांत वाईट. त्यात खोटेपणाही आला आणि तिच्या पायपिटीचा अपमानही.

पायपीट म्हटल्यावर एक सांगावेसे वाटते. माघात जोतिबाचे खेटे सुरू होतात, तेव्हा भाविक पाच रविवार डोंगर चढतात, कित्येक जण अनवाणी. श्रद्धा वेगळी असली, तरी रविवारमागून रविवार शरीर झिजवत वाट पाहणे कसे असते, हे शेजारणीला ठाऊक आहे. आपल्या चार रविवारांचा अर्थ तिने विचारला, तर तो सांगण्याइतका आपल्याला ठाऊक असावा.

शंका : दिवाळीचा कंदील उतरवला की लगेच नाताळची चांदणी लावली तर चालेल का?

चालेल. पण आगमनकाळात आणखी एक काम निघते. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि बीडकडचे ऊसतोड कामगार पालांत राहायला येतात. मुलेबाळे थंडीत उघड्यावर. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला परका शोधायला लांब जावे लागत नाही. विखेर्नची मेणबत्तीही अशाच मुलांसाठी होती. चांदणीच्या खर्चात दोन पांघरुणे बसत असतील, तर आधी ती न्यावीत, आणि नाताळापर्यंत न थांबता न्यावीत.

शंका : यंदा घरात माणूस गेले. लोक म्हणतात, वर्षभर सण करू नका. मग मेणबत्ती लावायची की नाही?

जरूर लावावी. आगमनकाळ हा सण नव्हे, सणाची वाट आहे. बहुतेक चर्चमध्ये त्याचा रंग जांभळा, पश्चात्तापाचा आणि प्रतीक्षेचा. फक्त तिसऱ्या रविवारी काही ठिकाणी गुलाबी मेणबत्ती असते. प्रशियात राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने १८१६ मध्ये आगमनापूर्वीचा रविवार मृतांच्या स्मरणासाठी ठरवून दिला. जर्मन प्रॉटेस्टंट मंडळ्यांत त्या दिवशी वर्षभरात गेलेल्यांची नावे आजही उपासनेत वाचतात. म्हणजे दुःख घेऊनच या काळात शिरायचे असते.

गोडधोड, नवे कपडे नको वाटले तर करू नयेत, त्यासाठी कोणाला उत्तर देणे लागत नाही. आपल्याकडे दुखवट्याच्या घरी पहिल्या सणाला नातलग स्वतः शिजवलेले घेऊन जातात आणि घरच्यांबरोबर दोन घास खातात. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी हेच करावे. पहिल्या रविवारी संध्याकाळी त्या घरी जावे, गेलेल्या माणसाचे नाव घेऊन प्रार्थना करावी, आणि पहिली मेणबत्ती घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाताने लावावी.