धुराचा हिशेब

गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या नववीच्या मुलांनी एक चूल केली. साहित्य सगळे भंगारातले. गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा, उद्यमबागेजवळच्या भंगारवाल्याकडून आणलेला काटकोनात जोडलेला लोखंडी पाइप आणि एका हॉटेलच्या भट्टीतली चाळलेली राख. डब्यात पाइप उभा बसवायचा, त्याचे आडवे तोंड खालून बाहेर काढायचे आणि भोवतालच्या पोकळीत राख ठासायची. आडव्या तोंडात पत्र्याची पट्टी ठेवली की तिच्यावर काटक्या आणि खालून हवा. जस्ताचा मुलामा असलेला पाइप मात्र मी घेऊ दिला नाही. तो फार तापला की त्यातून निघणारी वाफ अपायकारक असते.

अशा चुलीचे तत्त्व १९८० च्या दशकात अमेरिकेत लॅरी विनियार्स्की यांनी मांडले. ते साधे आहे. धूर म्हणजे बव्हंशी न जळलेले लाकूडच. उघड्या चुलीत ऊब चहूकडे पांगते आणि लाकडातून निघणारा वायू पेट न घेताच वर जातो. राखेने ऊब कोंडून धरली आणि उभ्या नळीने हवा ओढली की तोच वायू भांड्याखाली जळतो. जळण कमी लागते, धूरही पुष्कळ कमी होतो.

प्रदर्शन संपल्यावर ती चूल मी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी नेली. तिथे माझी थोरली बहीण, आक्का, राहते. तिने सत्तरी ओलांडली आहे. घरात गॅस आहे. पण सिलिंडर पुरवून वापरावा लागतो, म्हणून अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच. परसात मी चार सुक्या काटक्या पेटवल्या. आरंभी धूर आला, मग विरला, आणि नळी घुमू लागली. आक्का बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "एवढंच होतं होय रे हे? मग आई असताना का नाही केलंस?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आईचा जन्म फुंकणी हातात धरून गेला. तिचे डोळे सदा लाल, रात्री खोकला. आम्ही त्याला 'चुलीचा खोकला' म्हणत असू, जणू पावसाळ्यात घर गळावे तसा तो असायचाच. ठाऊक नव्हते, ही सबबही टिकत नाही. केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम १९८३ साली हाती घेतला, तेव्हा मी शाळेत होतो. ज्वलनाला प्राणवायू लागतो हे त्याआधीच पाठ केले होते, त्याचे गुणही मिळवले होते. पण तो धडा आणि आईची चूल यांचा काही संबंध असेल, असे कधी मनातच आले नाही.

अज्ञान दोन प्रकारचे असते. एक, शोधूनही न सापडलेले. त्याचा दोष कोणाला देता येत नाही. दुसरे, कधी विचारलेच नाही म्हणून राहिलेले. बैलगाडीच्या चाकाची धाव सैल झाली की वडील त्याच दिवशी लोहाराकडे जात. ते निर्दय नव्हते, आईवर त्यांची माया होती. पण गाडीची कुरकुर त्यांना ऐकू येई आणि चुलीपुढचा खोकला ऐकू येत नसे. मलाही येत नसे. तो धूर आम्ही गरिबीच्या खात्यावर मांडून मोकळे झालो. खरे तर एक डबा आणि शेरभर राख मिळू नये इतके गरीब आम्ही कधीच नव्हतो.

आणि मी तर दर वर्षी मुलांपुढे साध्या राहणीवर भाषण करीत आलो, चुलीवरच्या भाकरीची गोडी वर्णन करीत आलो. आता वाटते, साधेपणा हा सद्गुण खराच. पण ज्याने तो पत्करला, त्यानेच त्याचे कष्ट सोसले पाहिजेत. भाकरी मी खावी आणि धूर दुसऱ्याने गिळावा, या व्यवहाराला साधेपणा म्हणणे ही लबाडी आहे.

आक्काने त्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा मागितले नाही. निघताना एवढेच म्हणाली, "शेजारच्या वहिनीलाही एक करून दे. तिची सून अजून न्हाणीत फुंकत बसते." या सुट्टीत डबा घेऊन जायचे आहे.