गतकाळाचे देणे

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना फेब्रुवारीत आटोपतो, प्रेक्षागारे ओस पडतात, आणि त्यानंतरच्या पाचसहा आठवड्यांत, मैदानावर एकही चेंडू फेकला जात नसताना, बत्तीस संघांच्या कचेऱ्यांत जो कारभार चालतो, त्याकडे केवळ खेळाच्या धंद्यातील जमाखर्च म्हणून पाहणे मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे. मार्चच्या मध्यावर नॅशनल फुटबॉल लीगचे नवे वर्ष सुरू होते आणि त्या घटकेला प्रत्येक संघाचा वेतनखर्च लीगने ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत असलाच पाहिजे, असा दंडक आहे. १९९४ साली ही मर्यादा प्रथम लागू झाली तेव्हा ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाखांवर गेली. आकडा आठपट झाला, परंतु प्रश्न तेच राहिले: कोणाला ठेवायचे, कोणाला निरोप द्यायचा, आणि ज्याला निरोप द्यायचा त्याने संघाला दिलेल्या वर्षांची किंमत कोणत्या खात्यावर मांडायची.

ही मर्यादा मालकांनी एकतर्फी लादलेली नाही. १९९३ च्या करारनाम्याने खेळाडूंना मुदत संपल्यावर हव्या त्या संघात जाण्याचे स्वातंत्र्य मिळाले आणि त्या स्वातंत्र्याच्या मोबदल्यात त्यांनी वेतनावरचा हा बांध मान्य केला. त्यामागील न्यायबुद्धी मला मनापासून पटते. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचे गाव. तेथील पॅकर्स संघाला कोणी धनाढ्य मालक नाही, त्याची मालकी लाखो लहान भागधारकांत विभागलेली आहे. आणि तरीही न्यूयॉर्क वा डॅलससारख्या महानगरांच्या संघांशी तो बरोबरीच्या नात्याने झुंजू शकतो, याचे कारण दूरचित्रवाणीचे उत्पन्न सर्वांत समान वाटले जाते आणि तिजोरी कितीही खोल असली तरी तिच्यातून खेळाडूंवर किती उपसायचे याला सर्वांसाठी एकच सीमा आहे. पैशाचे बळ असे बाजूला काढल्यावर संघासंघांत उरतो तो विवेकाचा फरक.

तथापि हा विवेक वर्तमानापुरता राहत नाही, आणि येथेच या व्यवहाराची खरी गुंतागुंत सुरू होते. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावातही संघांच्या खर्चाला मर्यादा असते (२०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपये होती), परंतु दर काही वर्षांनी होणाऱ्या मोठ्या लिलावात बहुतेक पाट्या पुसल्या जातात आणि जुन्या चुकांचे ओझे नव्या संघाच्या डोक्यावर फारसे राहत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये तसे नाही. समजा, एखाद्या खेळाडूला पाच वर्षांच्या करारावर सही करतेवेळीच ५ कोटी डॉलरचा बोनस रोख दिला. पैसे पहिल्याच दिवशी गेले. पण मर्यादेच्या हिशेबात ते दरसाल एक कोटी असे पाच हप्त्यांत मांडले जातात. दोन वर्षांनी त्या खेळाडूला काढले, तर न मांडलेले तीन कोटी एकदम त्याच वर्षाच्या अंगावर येतात. एक जूननंतरची मोकळीक म्हणून नोंद केली, तर एक कोटी चालू वर्षावर आणि दोन पुढच्या वर्षावर पडतात. खेळाडू गेला, त्याची जागा दुसऱ्याने घेतली, तरी त्याच्या नावाची रक्कम जागा अडवून बसते. तिला तिकडे डेड मनी म्हणतात.

या तरतुदीमुळे आजचे सुख उद्यावर ढकलण्याची एक विद्याच निर्माण झाली. न्यू ऑर्लिन्स सेंट्स हा संघ वर्षानुवर्षे मूळ वेतनाचे बोनसात रूपांतर करून हप्ते लांबवत राहिला. २०२१ साली महामारीमुळे उत्पन्न घटले, मर्यादा १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर उतरली, आणि या संघाची सारी थकबाकी एकदम दारात उभी राहिली. त्या फेब्रुवारीत त्यांचा थोर क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा सूत्रधार खेळाडू, ड्रू ब्रीझ याने आपले अडीच कोटींचे वेतन पावणेअकरा लाखांवर आणण्यास संमती दिली आणि पुढल्याच महिन्यात निवृत्ती जाहीर केली. एरवी नुसती औपचारिक वाटावी अशी ती सही संघाला कर्जातून थोडे वर काढण्यासाठी होती, आणि तरीही त्याच्या नावाच्या रकमा त्यानंतर दोन वर्षे संघाच्या हिशेबात राहिल्या. उलट, डेन्व्हरच्या संघाने मार्च २०२४ मध्ये आपला क्वार्टरबॅक रसेल विल्सन याला दोनच हंगामांनंतर मोकळे केले आणि ८ कोटी ५० लाखांचा अभूतपूर्व भार उघडपणे पत्करला: त्या वर्षी ५ कोटी ३० लाख, पुढच्या वर्षी ३ कोटी २० लाख. अनेकांना तो आत्मघात वाटला होता. परंतु डेन्व्हरने एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलेल्या बो निक्स या तरुण क्वार्टरबॅकच्या बळावर सतरापैकी दहा सामने जिंकले आणि २०१५ च्या हंगामानंतर प्रथमच बाद फेरी गाठली. चूक मान्य करून तिची किंमत लवकर चुकती करणे हे लांबणीवर टाकण्यापेक्षा शहाणपणाचे, असा निष्कर्ष यावरून काढला जातो, आणि तो खोटा नाही.

मला मात्र या हकिगतीतील दुसरीच बाजू अधिक विचारार्ह वाटते. विल्सनचा भार डेन्व्हरला पेलला तो निक्स स्वस्त होता म्हणून. २०११ च्या करारनाम्यापासून ड्राफ्टमधून आलेल्या नवख्या खेळाडूचे वेतन त्याच्या निवडीच्या क्रमांकावरून जवळजवळ ठरलेले असते, आणि पहिले तीन हंगाम पुरे होईपर्यंत नव्या कराराची बोलणीसुद्धा करण्याची त्याला मुभा नसते. म्हणजे एका पिढीला आगाऊ दिलेल्या पैशाची भरपाई दुसरी पिढी आपल्या कमी मोबदल्यातून करते. क्वार्टरबॅकच्या बाबतीत हे सुसह्य आहे, कारण त्याचे खेळाचे आयुष्य दीर्घ असते. निक्सला पुढे योग्य मोल मिळण्यास अवकाश आहे. परंतु चेंडू छातीशी धरून प्रतिस्पर्ध्यांच्या फळीत घुसणारा, दर धावेला दोघातिघांच्या देहांचा आघात सोसणारा जो रनिंग बॅक, त्याची उमेदीची वर्षे नेमकी हीच असतात. बळ असते तेव्हा त्याचा दर गोठवलेला, आणि दर मागण्याची वेळ येते तेव्हा त्याचे गुडघे झिजले म्हणून संघ हात आखडता घेतो. या दोन्ही गोष्टी एकाच ताळेबंदाच्या दोन बाजू आहेत.

न्यूयॉर्क जायंट्स आणि सेक्वान बार्कली यांचा प्रसंग या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. २०१८ च्या ड्राफ्टमधील दुसऱ्या क्रमांकाची निवड असलेल्या या खेळाडूने संघाच्या पडत्या काळात एकट्याच्या पायांवर प्रेक्षकांची आशा तोलून धरली. २०२० साली गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, त्यातूनही तो उभा राहिला. मार्च २०२३ मध्ये एकाच दिवशी संघाने क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स याच्याशी चार वर्षांचा १६ कोटींचा करार केला, आणि बार्कलीवर फ्रँचायझी टॅग लावला. म्हणजे मुदत संपूनही त्याला सुमारे एक कोटीच्या एकवर्षीय वेतनावर अडवून ठेवले. वर्षभराने त्याला जाऊ देण्याचे ठरले. त्या दिवसांचे चित्रण दूरचित्रवाणीवर झाले आहे, म्हणून तो प्रसंग आपल्याला कचेरीच्या आत बसून पाहता येतो. जनरल मॅनेजर जो शोन यांचा हिशेब शांत आहे: तोच पैसा क्वार्टरबॅकच्या रक्षणार्थ उभ्या राहणाऱ्या फळीवर आणि प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकवर चाल करून जाणाऱ्या खेळाडूवर खर्च केला तर संघाची अधिक बांधणी होईल. समोर बसलेले मालक जॉन मारा तो हिशेब खोडून काढत नाहीत. सेक्वान फिलाडेल्फियाला गेला तर आपल्याला झोप लागणे अवघड होईल, एवढेच ते म्हणतात. एका बाजूला अंदाज, दुसऱ्या बाजूला ऋणाची जाणीव; आणि मर्यादेच्या तक्त्यात अंदाजासाठी रकाना आहे, ऋणासाठी नाही. शोन यांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी बसलेल्या दहापैकी नऊ जणांनी तेच केले असते, आणि त्या काळच्या सर्वमान्य समजुतीप्रमाणे ते बरोबरही होते.

बार्कली फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला: तीन वर्षे, ३ कोटी ७७ लाख ५० हजार. ऑक्टोबरमध्ये जायंट्सच्याच मैदानावर तो १७६ यार्ड धावला आणि ईगल्सनी तो सामना २८ विरुद्ध ३ असा जिंकला. त्या हंगामात त्याच्या धावा २,००५ यार्डांवर गेल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४० विरुद्ध २२ असे हरवून सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना जिंकला. जायंट्सना सतरापैकी तीनच सामने जिंकता आले. जोन्सला त्यांनी नोव्हेंबरातच मोकळे केले होते. यावरून रनिंग बॅकवर पैसा खर्चावा असा नियम काढणे उतावीळपणाचे होईल, कारण ईगल्सकडे त्याच्यापुढे धावणारी फळी जायंट्सपेक्षा फार बलाढ्य होती. परंतु एवढे तरी मान्य केले पाहिजे, की ज्या झिजलेल्या गुडघ्यांवरून त्याचा भाव पाडण्यात आला होता, ते गुडघे तितके झिजलेले नव्हते, आणि भाव पाडण्याचा अधिकार मात्र सर्वस्वी एकाच बाजूला होता. संघ करार मध्येच मोडू शकतो आणि हमी नसलेले वेतन त्याबरोबर बुडते. खेळाडूला आपण होऊन करारातून बाहेर पडता येत नाही.

वेतनमर्यादा संघासंघांत न्याय करते, परंतु त्या न्यायाचा खर्च ती संघाच्या आत, ज्यांची वर्षे सर्वांत थोडी त्यांच्यावर टाकते, असे माझे मत आहे. मर्यादा मोडावी असे मी म्हणणार नाही. ग्रीन बेचा संघ नाहीसा झालेला मला पाहवणार नाही. पण मर्यादेच्या आत राहूनही काही तजवीज करता येते, आणि लीगने ती अंशतः केलेलीही आहे. चार वा अधिक हंगाम झालेल्या जुन्या खेळाडूला एका वर्षासाठी किमान वेतनावर ठेवले, तर त्याचे वेतन मर्यादेच्या हिशेबात दोन हंगामांच्या खेळाडूइतकेच धरले जाते, जेणेकरून केवळ महाग पडतो म्हणून अनुभवी माणूस बरतरफ होऊ नये. अमेरिकेतच बास्केटबॉलच्या लीगमध्ये स्वतःच्या जुन्या खेळाडूला ठेवून घेण्यासाठी संघाला मर्यादा ओलांडण्याची सवलत आहे. यांपैकी दुसरी सवलत फुटबॉलमध्ये जशीच्या तशी आणली तर धनिक संघांचे फावेल. पण पहिलीची व्याप्ती वाढवून, एकाच संघात पाचसहा हंगाम काढलेल्या खेळाडूच्या वेतनाचा ठरावीक हिस्सा मर्यादेबाहेर ठेवता येईल, आणि रनिंग बॅकपुरती नव्या बोलण्यांची मुदत तीन हंगामांवरून दोनांवर आणता येईल. मार्च २०२५ मध्ये ईगल्सनी बार्कलीला ४ कोटी १२ लाखांची दोन वर्षांची मुदतवाढ दिली, तेव्हा त्याच्या वर्गातील इतर कोणालाही तोवर न मिळालेला दर त्याला मिळाला. तो मिळवण्यासाठी मात्र त्याला दोन हजार यार्ड धावावे लागले, आणि तेवढे धावणारे लीगच्या साऱ्या इतिहासात नऊच झाले आहेत. उरलेल्यांसाठी नियम हवा. सध्याचा करारनामा २०३० च्या हंगामापर्यंतचा आहे, आणि पुढच्या वाटाघाटींत खेळाडूंच्या संघटनेने एकूण उत्पन्नातील आपल्या हिश्शाआधी या प्रश्नाला हात घालावा.