हप्त्याची तारीख

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला एक मराठी कुटुंब राहतं. त्यांची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. नोव्हेंबरात तिने युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा अर्ज भरला आणि मार्चमध्ये मनासारख्या कॅम्पसचं पत्र आलं. गावी कऱ्हाडला फोन गेले, पेढे आणले. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीने तिची दृष्ट काढली.

आणि मुलीचा अभ्यास सुटला. इतकी वर्षं एकाच दिशेने पळालेलं पोर पत्र हातात पडल्यावर मटकन बसतं, त्याला आळस म्हणायला माझं मन धजत नाही. पण कॅल्क्युलसला हे कोण सांगणार? एप्रिलच्या मध्याला शाळेच्या पोर्टलवर त्या विषयापुढे ‘डी’ दिसला.

तेव्हा कुठे तिने प्रवेशाच्या अटी नीट वाचल्या. ही युनिव्हर्सिटी अर्जाच्या वेळी गुणपत्रक मागतच नाही. विद्यार्थ्याने स्वतः भरलेल्या ग्रेड खऱ्या धरते आणि प्रवेश देते तो अटींवर. शाळेकडून अंतिम ट्रान्स्क्रिप्ट 1 जुलैपर्यंत जावं लागतं. शेवटच्या वर्षी कुठल्याही विषयात ‘सी’च्या खाली जायचं नाही, सरासरीही सांभाळायची. ‘डी’ किंवा ‘एफ’ मिळाला, तर विद्यार्थ्याने तो आपणहून कळवायचा.

त्या दिवसापासून तिची झोप उडाली. रात्री दुलईत मोबाइल घेऊन ती कुणाकुणाचे प्रवेश रद्द झाले ते वाचत बसायची. पोर्टल दिवसातून दहादा उघडायची, जणू बघून बघून अक्षर बदलणार होतं. आईबाबांना काही सांगितलं नाही. कॅल्क्युलसचं पुस्तक टेबलावर होतं. त्यातली खुणेची चिठ्ठी मार्चमध्ये शिकवलेल्या धड्यात होती, ती तिथून हलली नव्हती.

आजीने बरेच दिवस पाहिलं. मग एका रात्री ती पलंगाच्या कडेला येऊन बसली.

“काय झालंय ते सांग. रागवणार नाही.”

मुलीने रडत रडत सगळं सांगितलं. आजीने मधे एकच विचारलं, “निकाल लागला?”

“नाही. जूनमध्ये लागेल.”

“मग अजून हप्त्याची तारीख गेलेली नाही.”

आजीची उभी हयात पतसंस्थेत कर्जखात्याच्या टेबलावर गेली होती. ती सांगू लागली, “आमच्याकडे अडचणीतले दोन तऱ्हेचे कर्जदार यायचे, बघ. पहिला तारखेच्या आधी यायचा. म्हणायचा, ऊस गेला पण बिल आलं नाही, या महिन्याला निम्मेच देतो. त्याच्यासाठी आम्ही मॅनेजरांशी बोलायचो, मुदत वाढवून घ्यायचो. दुसरा आमची गाडी दिसली की मागच्या दाराने निघून जायचा. त्यालाही काळजी असायचीच, कदाचित पहिल्यापेक्षा जास्त. पण काळजीने एक रुपया फिटत नाही गं. त्याच्या घरी शेवटी नोटीस जायची, आणि जामीनदारालाही जायची.”

“पण त्यांनी माझा प्रवेश काढून घेतला तर?”

“घेतीलही. ते तुझ्या हातात नाही. सहा आठवडे आहेत, ते तुझ्या हातात आहेत. आणि खरं बोलणं तुझ्या हातात आहे.”

सकाळी मुलीने आईबाबांना सांगितलं. बाबा चिडले, आईने डबा भरता भरता डोळे पुसले, आणि दोघंही तिच्यासोबत काउन्सेलरकडे गेले. गणिताच्या शिक्षिका शाळा सुटल्यावर मुलांच्या शंका सोडवायला थांबत. ती त्यांच्याकडे जाऊ लागली. पहिल्या दिवशी तिला मार्चमधलं पहिलंच उदाहरण सुटेना, आणि तिच्याहून लहान मुलं बघत होती. लाज वाटली, तरी बसली. मोबाइल रात्री आजीच्या उशाशी राहू लागला.

जूनमध्ये ‘सी’ मिळाला. कष्टाने मिळाला, आणि ‘बी’ काही झाला नाही.

त्याच आठवड्यात तिची मैत्रीण घरी आली. तिचा फिजिक्सचा ‘डी’ तसाच राहिला होता आणि घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. “एवढ्या हजारो मुलांत एक ‘डी’ कोण बघतंय?” ती म्हणाली. बोलताना नखं कुरतडत होती.

“ट्रान्स्क्रिप्ट गेलं की दिसणारच आहे,” मुलगी म्हणाली. “त्यांना शाळेच्या कागदावरून कळण्याआधी तुझ्याकडून कळू दे. काय झालं ते लिही. सबबी नकोत.”

“आणि प्रवेश गेला तर?”

“तर ऑगस्टऐवजी जूनमध्ये कळेल. कम्युनिटी कॉलेजला नाव घालायला वेळ मिळेल. तिथे दोन वर्षं चांगली केलीस, की ह्याच युनिव्हर्सिटीत बदली मागता येते. दरवर्षी कितीतरी मुलं तशीच येतात.”

मैत्रीण बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आधी आईला सांगते.”

“सांग. मी येते बरोबर,” असं म्हणत मुलीने चपला पायात सरकवल्या.